हिरव्या गाडीचा जोड

रायपूरच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत परीक्षक म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी मला फसवलं. गाडी मी ओळखली आणि माईकवरून त्यांनी ती स्वतः ओळखल्याचं सांगितलं. फोटो मी काढला आणि स्मरणिकेत तो त्यांच्या नावानं छापून आला. आधी एवढं लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की बाई उगाच फुगून बसली आहे.

माझं रायपुरातच, पंडरीला कापडाचं ठोक दुकान आहे. लग्न होऊन अमरावतीकडून इथे आले तेव्हा नवऱ्याची रेल्वेची नोकरी होती, क्वार्टर होतं. दुकान मी उभं केलं, क्वार्टरमधल्या बायकांना साड्या विकत विकत. कॅमेराही दुकानासाठीच घेतला. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला फोटोत कापडाची वीण दिसली पाहिजे, आणि समोरून झगझगीत उजेड टाकला की वीण दिसेनाशी होते. उजेड बाजूनं, कापडाला घासून जाईल असा हवा. मग धागा न् धागा उठून दिसतो. रफू केलेलं असेल तर तेही दिसतं.

गाड्यांचा नाद लागला तेलीबांध्याला. तलावाकाठी थंडीतल्या सकाळी रॅलीच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यातल्या एका बुटक्या, दोनच माणसं बसतील अशा लाल स्पोर्ट्स गाडीपाशी मी थांबले. चालवणाऱ्याचं कोपर बाहेर राहावं म्हणून तिचा दरवाजा वरून खोल, गोलाईत कापलेला होता. इतका सुरेख काप मी कोणत्या ब्लाउजच्या गळ्यालाही पाहिला नव्हता. त्यानंतर मी नागपूर, जबलपूर, जिथे रॅली तिथे जाऊ लागले. लोक गाडीचं तोंड टिपतात. मी दरवाज्याची बिजागरी टिपते, मडगार्डची कड, सीटखालचं लाकूड. घरी येऊन एका गाडीचा फोटो दुसरीच्या शेजारी ठेवते आणि कुठे काय वेगळं आहे ते शोधते. आज मला गाडीचा नुसता दरवाजा दाखवा, मी गाडी सांगते.

मालक लोक मात्र गाडीला हात लावू देत नाहीत. तिथे मी सौदा करते, पैशाचा नव्हे.

"दीदी, बोनट नहीं खुलेगा. धूल जाती है."

"मत खोलिए. वो भैया जो फोटो खींच रहे हैं न, उसमें सिर्फ आपका पेट आएगा. मेरे में आप भी ठीक दिखेंगे और गाड़ी भी. सोच लीजिए."

गाडीत बसलेली बायको हसली की सौदा झालाच. "खोल दो जी," ती म्हणते.

गेल्या थंडीतली हिरवी गाडी ओळीत अगदी शेवटी उभी होती. तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मालक कोण ते रायपुरात सगळ्यांना कळेल, आणि त्या म्हाताऱ्या सज्जन माणसाला या भांडणात ओढायचं नाही. गाडीवर पाटी होती, चार आसनी घरगुती गाडी. मालकही संकोचूनच उभे होते.

"घर के गाड़ी आय, दीदी," ते छत्तीसगढीत म्हणाले. लग्नकार्यात कामी येते, एवढंच.

माझं लक्ष दरवाज्याकडे गेलं. तोच कोपरासाठीचा खोल काप. मुलाबाळांना घेऊन फिरायच्या गाडीला असा दरवाजा कोण लावतं? ऊन नुकतंच वर येत होतं आणि गाडीच्या कुशीवर तिरपं पडलं होतं. त्या उन्हात दरवाज्याच्या मागे एक बारीक उभी रेघ दिसली. रेघेच्या पुढचा पत्रा इस्त्री केल्यासारखा, मागचा हातोडीनं ठोकून काढलेला. मी फोटो घेतला. मग बोनट उघडून घेतलं. आत दोन कार्ब्युरेटर; या गाडीच्या घरगुती बहिणीला एकच असतो. मागची सीट उचलायला लावली. रेघेच्या पुढे पत्र्याखालचा सांगाडा फिकट परदेशी लाकडाचा आणि मागे आपलं सागवान. कंपनीतून निघालेली दोन आसनी स्पोर्ट्स गाडी होती ती, फार थोड्या बनलेल्यांपैकी एक. कुणीतरी ती मागून वाढवून घरगुती केली होती.

"आप कितने भाई-बहन हैं?" मी मालकांना विचारलं.

"सात."

"तो आपके बाबूजी दो सीट में क्या करते?"

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

परीक्षक मंडपात नाश्ता करत होते. मी जाऊन त्यांना घेऊन आले. मराठी माणूस निघाला म्हणून मला बरंही वाटलं होतं. इथे माझी स्वतःची पोट्टी माझ्याशी हिंदीत बोलतात.

"ताई, ही लोकल बॉडी आहे, इथल्याच गॅरेजात ठोकलेली," त्यांनी लांबूनच सांगितलं. "मी आयुष्यभर गाड्याच पाहतोय."

"मी कापड पाहते, साहेब. जोड कुठेही असला तरी मला दिसतो. खाली बसून पाहा."

"पँट खराब होईल हो."

मी पिशवीतून नमुन्याचं कापड काढून मातीवर अंथरलं. "बसा आता. मखमल आहे."

बसले. माणूस अडाणी नाही, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. लाकडावरून हात फिरवला, मग गाडीखाली डोकं घालून पेट्रोलची टाकी कुठे सरकवली आहे तेही दाखवलं. ते मला ठाऊक नव्हतं. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"ताई, हे तुम्हाला दिसलं कसं?"

या एका प्रश्नासाठी मी इतकी वर्षं धूळ खाल्ली असं वाटलं. त्यांनी फोटो मागितला, निकालाच्या वेळी दाखवू म्हणाले.

"खाली माझं नाव लागेल ना?"

"अहो, फोटो तुमचाच आहे!"

मी तिथेच उभ्या उभ्या खाली नावाचा पट्टा टाकून पाठवला.

दुपारी पडद्यावर माझा फोटो आला. खालचा नावाचा पट्टा कापलेला. आणि माईकवर साहेब म्हणाले, "सुबह की धूप में जब मैं इस गाड़ी के पास गया, तो मुझे एक जोड़ नज़र आया..."

मी खुर्चीवरून उठले. "सुबह आप पोहा खा रहे थे!"

मंडप हसला. समितीचा एक माणूस धावत आला, "दीदी, बैठ जाइए, बाद में बात करते हैं." ते बाद अजून आलेलं नाही.

हिरव्या गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. मालक मंचावरून उतरले ते थेट माझ्या खुर्चीपाशी आले. ढाल माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जोड़ देखे तो ये हैं." त्या दिवशी मी त्यांचा गाडीसोबतचा जो फोटो काढला, तो दुकानात गादीमागे लावलाय. येणारं गिऱ्हाईक विचारतं आणि मी सांगते. सांगताना आवाज आपोआप चढतो, तो मी मुद्दाम खाली आणत नाही.

नवरा म्हणतो, "काहून डोकं तापवून राहिली? गाडी तं ओळखल्या गेली ना!"

"ओळखल्या गेली नाही. म्या ओळखली."

"मले काहून सांगून राहिली? त्याले सांग."

त्यालाच सांगत होते. स्मरणिका आली, फोटोखाली साहेबांचं नाव. समितीला फोन केला तर म्हणे छपाईची चूक. साहेबांना निरोप पाठवला. वाचल्याची निळी खूण आली, उत्तर नाही.

या थंडीत पुन्हा रॅली आहे आणि परीक्षक म्हणून पुन्हा त्यांनाच बोलावलंय. मला शाल नको, श्रीफळ नको, मंचावर खुर्ची नको. समितीनं नव्या स्मरणिकेत तो फोटो माझ्या नावानं छापावा. छपाईची चूक होती ना, मग दुरुस्त करा. आणि साहेब, गाड्या सुटण्याआधी त्याच माईकवर, त्याच लोकांसमोर तुम्ही उत्तर द्यायचं आहे: त्या सकाळी हिरव्या गाडीपाशी तुम्हाला कोण घेऊन गेलं?