चटईवरच्या डॉक्टरबाई

आमच्या डॉक्टरबाई लहान मुलांच्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टर, पण खुर्चीशी त्यांचं कधी जमलं नाही. चिंचवडच्या इस्पितळात त्यांच्या खोलीत चटई अंथरलेली असे आणि बाई तिच्यावर मांडी घालून बसलेल्या. पोराला आधी मनसोक्त खेळू द्यायचं. "फाईल कुठं पळून चाललीय? मला आधी याला बघू दे," म्हणायच्या. बाहेर चाकण-तळेगावहून आलेले आईबाप ताटकळून वैतागत. मीही वैतागले होते.

रंगवलेली नखं त्यांना खपत नसत. हृदयाच्या दुखण्यानं नखांवर येणारा निळेपणा लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून आम्ही आया काय काय करतो, ते त्यांना पाठ होतं. रागवायच्या नाहीत. ड्रॉवरमधली बाटली काढून स्वतः रंग पुसत बसायच्या.

माझ्या तन्वीच्या हृदयाला जन्मतःच छिद्र. ऑपरेशनला पर्याय नाही, हे आम्हाला आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. अडून बसल्या होत्या सासूबाई. पोरीच्या छातीवर चीर नको, उद्या लग्न कसं जमायचं, हा त्यांचा हेका. नवरा कंपनीत सुपरवायझर, पण आईपुढे तोंड उघडायची हिंमत नाही. शेवटचं विचारून बघू म्हणून आम्ही बाईंकडे गेलो.

तन्वी चटईवर चेंडूमागे धावली आणि लगेच गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसली. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणाची हाय. दमली की अशी गप बसती. धिंगाणा न्हाई, काय न्हाई." आमच्या आळीत ती शहाणी पोर म्हणूनच ओळखली जायची.

बाईंनी हात धरून सासूबाईंना शेजारी बसवलं. "आजी, गुणाची तर आहेच. पण ती अशी बसते ते श्वास पुरत नाही म्हणून. असं बसलं की तिला जरा बरं वाटतं. तिचं तिनंच शोधून काढलंय."

"आन् आमी तिला शाबासकी देत व्हतो," सासूबाई म्हणाल्या.

"चीर राहील, आजी. ते मी लपवणार नाही."

"ऱ्हाऊ द्या."

ऑपरेशन सर्जननी केलं, पण दिवसभर आत-बाहेर करत आम्हाला खबर देत होत्या त्या बाईच. वर "जेवलात का?" म्हणून दटावणं. त्यांच्या धाकानंच सासूबाईंनी डबा उघडला. इतका जीव लावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे बाई मराठवाड्यात आपल्या गावाकडे गेल्या. तिकडच्या पोरांना जवळपास कुणी हृदयाचा डॉक्टर नव्हता. योग्यच केलं त्यांनी, तरी मला पोरकं वाटलं.

यंदा तन्वी शाळेच्या शर्यतीत धावली. मी बाईंना फोन लावला.

"बाई, सगळ्यात शेवटी आली."

"मध्ये कुठं बसली का?"

"नाही. पूर्ण धावली."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. फोन कटला की काय, असं मला वाटलं.

"थांब गं जरा," बाई म्हणाल्या. "समोर पोरं आहेत, आणि मला रडू येतंय."