पालखीवर आलेला ठपका

स्वतःच्या काळजालाही हुकमात ठेवू पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घरमालक. फौजेत सुभेदार होते आणि हृदयाच्या दुखण्यामुळे मुदतीआधी घरी आलेले. रत्नागिरीच्या बाहेर डोंगरउतारावर त्यांचं घर आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी राहतो. मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, इकडं चिऱ्याच्या खाणीवर आलो, पुढं रिक्षा धरली. पहिल्याच वर्षी कावीळ झाली. गावाकडं कळवायची भीती वाटत होती, इथं कुणाला सांगायची त्याहून जास्त. हे गृहस्थ रोज पेजेचं भांडं घेऊन यायचे आणि मी वाटी रिकामी करेपर्यंत दारात पहाऱ्यावर असल्यासारखे उभे राहायचे. "मेल्या, पेज आहे, विष नाय. उचल." मी आज आहे तो त्या पेजेवर.

त्यांना शिस्तीचं वेडच होतं. मासळी आणायला निघाले तरी बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश. कोंबड्यांनी खुराड्यातून एकेक करून बाहेर पडावं असा त्यांचा आग्रह होता. त्या ऐकत नसत, तर म्हणत, "नवीन भरती आहे, शिकतील." आणि चढणीवर दम लागला की ते थांबत नसत, तपासणी सुरू करत. कुणाच्या तरी आवाराच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, उभे राहायचे आणि विचारायचे, "हा दगड कोणी बसवला?" सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं. ज्याचा गडगा असेल तो बाहेर यायचा, दगडाबद्दल मनापासून वाद घालायचा आणि यांच्या ओठांचा निळेपणा गेला की म्हणायचा, "बरं तर, काका, उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी तोच दगड, तोच वाद.

हे दुखणं त्यांना वर बर्फातल्या चौकीवर लागलं होतं. छातीत कळ यायची, डावा हात जड व्हायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "वर माणसं मोजकी," एकदा रिक्षात बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "मी खाली आलो असतो तर माझा पहारा कुणा पोराच्या बोडक्यावर पडला असता." गणपतीच्या सुट्टीत घरी आले, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही, बोलले नाहीत, आरत्या म्हणून परत चौकीवर गेले. मग शिमग्याला आले आणि ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवता नाचवता तिथंच कोसळले.

तेवढंच कागदावर राहिलं. आजार सुट्टीत, घरी, पालखी नाचवताना झाला. नोकरीशी त्याचा संबंध नाही. अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा फेटाळला. नेहमीची पेन्शन त्यांना होती, खायला कमी नव्हतं. पण ते एक वाक्य त्यांच्या घशात अडकून बसलं. "म्हणजे हा रोग मी घरातून घेऊन गेलो होतो काय?" असं ते आमच्यापैकी कुणालाही विचारायचे. काकू आतून म्हणायच्या, "आमच्याकडून जाताना धड होता हो माणूस."

अपील केल्यावर पुन्हा तपासणीला बोलावणं आलं. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत मी गेलो. निघण्याआधी काकूंनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं: दम लागतो म्हणायचं, कळ वर असताना सुरू झाली म्हणायचं. गाडीत ते पुटपुटत होते. मी देवाचं नाव घेत होतो.

समोर लेकीच्या वयाची डॉक्टरीणबाई आली. खांद्यावर मेजरचं चिन्ह. ते दिसताच आमचे घरमालक खाडकन सावधान.

"कैसे हैं, सुभेदार साहब?"

"एकदम ठीक, मॅडम."

"जिना चढताना त्रास होतो?"

"नाही, मॅडम."

मी मध्ये तोंड घातलं, "मॅडम, यांना चार पावलांवर..." काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढचं मी गिळलं. बाईंना सगळं कळत होतं. त्यांनी अपिलाचा कागद बघून विचारलं, "वर असताना दुखत होतं, तर रिपोर्ट का नाही केलं?"

"रिपोर्ट करण्याइतकं नव्हतं, मॅडम."

परतताना मी रडकुंडीला आलो होतो. म्हटलं, "काका, काकूंनी एवढं शिकवलं होतं." त्यांनी बुटावरची धूळ रुमालानं पुसली. मग म्हणाले, "अफसरपुढं रडगाणं गायचं कसं, ते मला कुणी शिकवलंच नाय रे."

अपील लटकलेलंच राहिलं आणि ते भातकापणीच्या दिवसांत गेले. परसात कोंबड्यांना दाणे टाकत होते, तिथंच. आवाज नाही, हाक नाही.

काकूंनी दावा सोडला नाही. परवा त्यांची जबानी होती, त्यांना धरून मीच नेलं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "गणपतीच्या सुट्टीत आले होते, तेव्हा दुखतंय असं काही बोलले होते का? आठवून सांगा. तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे."

आमचे वकील डोळ्यांनी हो म्हणा, हो म्हणा करत होते. काकूंनी पदर सारखा केला.

"नाय बोलले," त्या म्हणाल्या. "बोलले असते, तर मी परत जाऊ दिलं असतं काय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं. पुढची तारीख मिळाली. घाट उतरताना काकूंनी खिडकीची काच खाली केली, कोकणातली दमट हवा आत आली. म्हणाल्या, "गणपतीत रोज जेवून झालं की अंगणात एकटेच बसायचे. मला वाटायचं, घरी आलाय माणूस, बसू दे निवांत."