अक्का आणि ॲम्बेसेडरचे इंडिकेटर

अक्का काल गेली. कमेंटमध्ये 'फार सोशिक होत्या' असं कुणी लिहू नका, प्लीज.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर मंद्रूप, सासर सोलापूर. गाडीनं तासभरसुद्धा लागत नाही. तरी वर्ष-वर्ष तिला आई दिसायची नाही.

आमच्या घरात बायकांना कुणी कधी 'नाही' म्हणत नाही. फक्त काहीतरी निघतं.
ड्रायव्हर माल घेऊन नातेपुत्याला गेलेला असतो.
पाहुणे येणार असतात.
अमावस्या असते.

लग्नाआधी अक्का वडिलांची जीप चालवायची. आमच्याकडे आल्यावर तिचं लायसन्स कपाटात साड्यांखाली गेलं. पण रिन्यू करायला ती कधी विसरली नाही.

मग तिच्या आईनं अंथरूण धरलं.

एकदा जेवायला वाढता वाढता अक्कानं सासऱ्यांना विचारलं, "आप्पा, जुनी ॲम्बेसेडर नुसती उभी हाय. मी नेऊ का मंद्रूपला?"

आप्पा आमटी भुरकत म्हणाले, "ने की. पण इंडिकेटर लागत न्हाईत बघ. हायवेला मागनं कोन तरी येऊन ठोकंल."

विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं.

आप्पा दर सोमवारी ती गाडी शेडमध्ये सुरू करायचे, जरा वेळ गुरगुरू द्यायचे आणि बंद करायचे. गेटबाहेर ती कधी जायची नाही.

अक्कानं वायरिंगवाला बोलावला. तो गेटवरूनच परत गेला. "भंगारात द्यायची गाडी ती, उगं खर्च कशाला," आप्पा म्हणाले.

मग तिनं स्वतःच सुरू केलं.

दुपारी पुरुष दुकानात, सासूबाई झोपलेल्या. शेडचा पत्रा तापून भट्टी झालेली. अक्का डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी, पाय दारातून बाहेर. मी टॉर्च धरून. मोबाईलवर कुण्या परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ. त्याचं इंग्रजी तिला अर्धं कळायचं, पण त्याची बोटं काय करतायत ते पूर्ण कळायचं.

एक बल्ब आणि दोन वायरी एवढाच टेस्टर. फ्यूजला टेकवला की पेटायचा. इंडिकेटरच्या वायरीला टेकवला की मेलेला.

दिवे लुकलुकवणारा तो छोटा डबा, फ्लॅशर, तो नवीन आणून बघितला. मीच आणला, मेथीच्या जुडीखाली लपवून.
तरी काही नाही.

मग एके दिवशी आतून आवाज आला, "अगं, इंडिकेटरचा करंट आधी हॅझार्डच्या बटनातनं जातोय! बटनच आतनं गंजलंय. बाकी किरकोळच हाय की!"

तिनं ते बटण खोलून पॉलिश पेपरनं घासलं. उंदरानं कुरतडलेली वायर जोडली. डाव्या मागच्या दिव्याची अर्थिंग खरवडून पुन्हा बसवली.

हॅझार्डचं बटण ओढलं. चारही दिवे एकदम.

अक्का मोठ्यानं हसली. आणि लगेच तोंडावर पदर धरला. सासूबाई उठतील म्हणून.

संध्याकाळी तिनं आप्पांना दाखवलं. आप्पांनी एकेका दिव्याजवळ वाकून बघितलं. मग म्हणाले, "बरं केलंस. आता इन्शुरन्स तेवढा संपलाय."

ती चपात्या लाटायला आत गेली. पण त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवरून इन्शुरन्स काढला, आणि कुणाला सांगितलं नाही.

काही दिवसांनी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. "आईचं काय खरं न्हाय. ये."

थोरले दीर, म्हणजे अक्काचे यजमान, म्हणाले, "ड्रायव्हर दुपारी येतोय. थांब जरा."

अक्कानं खिळ्यावरची किल्ली काढली. मला म्हणाली, "बस."
मी बसले. पायात घरातल्याच चपला होत्या.

विजापूर रोडला लागल्यावर तिनं हॅझार्ड लावले, ते काढलेच नाहीत.
"अक्का, ते गाडी बंद पडल्यावर लावतात गं."
"राहू दे. रस्ता तरी देत्यात."
इतक्या वर्षांनी ती स्टिअरिंगला बसली होती. गाडी मात्र सरळ चालली होती.

आई शुद्धीवर होती. कानडीत विचारलं, "यार जोडी बंदी?" कुणाबरोबर आलीस?
अक्का म्हणाली, "माझी मी आले."
म्हातारीनं तिचा हात धरला तो सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा अक्का उशाशी होती.

परत आलो तर आप्पा गेटवर. रागावले नाहीत. "जेवलाव का?" एवढंच.

पुढच्या महिन्यात शेड रिकामी होती. "गिऱ्हाईक चांगलं आलतं," आप्पा म्हणाले.
अक्कानं एकच विचारलं, "घेणाऱ्याला सांगितलं न्हवं, डावा मागचा दिवा जरा सैल हाय म्हणून?"

त्यानंतर ती चालवायला बसली नाही. पण मला बसवलं. "नवऱ्याकडनं शिकू नको, क्लास लाव." मी क्लास लावला. तिथंही काय काय निघालं, ते सगळं तिनं अंगावर घेतलं.

मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला मीच न्यायचे.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमधून निघालो तर म्हणाली, "सरळ घे. मंद्रूपला जाऊ." मी घेतली. शहर मागं पडलं. ती काच खाली करून बघत होती, खूश होती.
मग घड्याळाकडे बघितलं.
"फिरव गं. सासूबाईंच्या गोळीची वेळ झाली."
मी म्हणाले, "देतील की कुणीतरी."
"न्हाय. फिरव."

मी गाडी फिरवली.

काल दुपारी ती गेली. आमच्याच घरात, तिच्याच खोलीत. घरचे सगळे हे वाचतील, माहितेय मला. वाचा.

अक्का, आता कुणाला विचारत बसू नकोस.
जा.