टीव्हीसमोर ठेवलेला कॅमेरा

आत्याचा फोन आला तेव्हा मी सूसच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि पुढच्या टँकरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आत्या म्हणाली, "अगं, रंग द्यायचाय म्हनून कपाट रिकामं केलं, तर ती टीव्हीची कॅसेट घावली. टाकून दिऊ का?" मी इतक्या जोरात "नको!" म्हणाले की शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं. घरी न जाता मी तशीच गाडी आत्याच्या गावाकडे, रिह्याकडे वळवली.

ही कॅसेट काय, ते सांगायला हवं. आम्ही घोटावड्याचे, आत्या दिली रिह्याला. अंतर फार नाही, पण तिच्या घरामागे डोंगर असा आडवा आलाय की अँटेना कुठेही फिरवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या काळी आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. निवृत्त झालेले एक गृहस्थ घरातली प्रत्येक वस्तू स्वतः दुरुस्त करायला घेतात, पार बिघडवून ठेवतात आणि बायको गुपचूप मागच्या दाराने मिस्त्रीला बोलावते, एवढीच दर आठवड्याची गोष्ट. आत्याला माहेरपणात तिची चटक लागली. सासरी निघताना ती माहेर सुटतं म्हणून नाही, मालिका सुटते म्हणून रडली, असं आबा सगळ्यांना सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ.

मग धाकट्या काकांनी डोकं चालवलं. ते लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. टीव्हीवरचा कार्यक्रम परस्पर कॅसेटवर उतरवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, पण कॅमेरा होता ना! त्यांनी तो स्टँडवर चढवून थेट टीव्हीसमोर उभा केला आणि मालिकेचंच शूटिंग केलं. आठवड्याला एक कॅसेट, ती नुसती दाखवणाऱ्या भाड्याच्या व्हीसीपीसकट, रिह्याला जायची. त्यात आपण काही चमत्कारिक करतोय असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. पुढे त्या कॅसेटींवर लोकांची लग्नं चढली. एक तेवढी आत्याने परत दिलीच नाही, म्हणून उरली.

आणि मला ती हवी होती आबांसाठी. दहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, पण वाचा गेली. समजतं सगळं, शब्द तेवढा बाहेर येत नाही. तेव्हापासून ते सूसला माझ्या घरी आहेत. स्पीच थेरपीच्या मॅडम आठवड्यातून तीनदा येतात, "पा म्हणा, बा म्हणा" म्हणतात आणि आबा भिंतीकडे तोंड फिरवतात. ज्याने हाक मारली की ओढ्यापलीकडची माणसं ओ द्यायची, त्याला पा-बा करायची लाज वाटते, हे मला कळतं. तरी राग यायचाच. मॅडम परवा स्पष्टच म्हणाल्या, "त्यांनाच बोलावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर मी येऊन काही उपयोग नाही." त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आपटली आणि मग रडले.

तेव्हा कॅसेट मिळाल्यावर मी किती उड्या मारल्या असतील, विचारू नका. मालिका बघून आबा हसतील, हसले तर तोंड उघडतील, अशी माझी साधी आशा. पुण्यात जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर भरून देणारा एक दुकानदार शोधला. त्याने फीत उजेडात धरली आणि नाक मुरडलं. "बुरशी आहे मॅडम. गॅरंटी देत नाही." मी म्हणाले, "गॅरंटी नको, कॅसेट चालवा." चार दिवस मी त्याला इतके फोन केले की तो माझा आवाज ओळखायला लागला.

पाचव्या दिवशी त्याचाच फोन आला. "झालं तुमचं काम. पण यात मालिकेपेक्षा खोलीतल्या माणसांचा गोंगाट जास्त आहे. एक माणूस तर सारखा ओरडतोय. साफ करून देऊ का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! कॅमेरा खोलीत होता, म्हणजे आम्ही सगळे त्यात होतो. "हात लावू नका!" मी किंचाळले. "एक आवाज काढलात तर बघा!" तो बिचारा म्हणाला, "नाही काढला हो अजून." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये न ठेवता मुठीतच धरून घरी आणला.

रविवारी सकाळी आत्याला गाडीत घालून आणलं. सोफ्यावर मधोमध आबा, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला माझी आठ वर्षांची लेक. पेन ड्राइव्ह लेकीनेच लावला.

चित्र आलं! टीव्हीच्या आत आमचा जुना टीव्ही, त्याच्यावर आईने विणलेला रुमाल आणि प्लास्टिकची फुलं. पडद्यावरून एक काळा पट्टा खालून वर सरकत होता. कोपऱ्यात लाल रिबिनीच्या दोन वेण्यांचं एक डोकं मध्येमध्ये येत होतं. ती मी. आणि मालिका? पात्राने दार लावलं की सेटची अख्खी भिंत हलते, हे मला लहानपणी दिसलंच नव्हतं. तरी गृहस्थांनी मिक्सर उघडून त्याचा एक स्क्रू धोतराच्या सोग्यात बांधला आणि नंतर घरभर शोधला, तेव्हा मी पोट धरून हसले. त्या काळची मी आणि आताची मी, दोघी एकाच जागी हसलो.

आणि हसण्याच्या वरून एक आवाज आला, खणखणीत. "आरं गप बसा की! समदं त्यात जातंय!"

आबांचा आवाज. त्यांना काकांनी ताकीद दिली होती की शूटिंग चालू असताना खोलीत कुणी बोलायचं नाही, आणि ती ताकीद पाळून घ्यायचं काम त्यांनी जिवावर उदार होऊन केलं होतं. "ए वेणी, डोकं खाली घे!" मग खाकरणं. "कोन हासलं? हासू नगा, तिला रिह्यात ऐकू न्हाई यायचं!" मग त्यांचं स्वतःचंच हसणं फुटलेलं, आणि आईचं, "आवो, तुमीच किती वरडताय!" अख्ख्या भागात सर्वांत मोठा आवाज, सगळ्यांना गप्प करणाऱ्या माणसाचा.

लेकीने विचारलं, "हे कोण ओरडतंय?" तिने आजोबा बोलायचे तेव्हाचा आवाज विसरायला सुरुवात केली होती, हे मला त्या क्षणी कळलं. आत्याने डोळे पुसत आबांकडे बोट केलं. "ह्यो. ह्योच."

आबा पुढे सरकून बसले होते. त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मी मान हलवली. "तुम्हीच, आबा." त्यांनी हात गोल फिरवला, मागे घे म्हणून. मी मागे घेतलं. पुन्हा हात. पुन्हा मागे. चौथ्या वेळी त्यांचे ओठ हलायला लागले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. मला त्यांना थांबवावंसं वाटलं, पण आत्याने माझा हात घट्ट धरून ठेवला.

"आयला," आबा म्हणाले.

अगदी स्पष्ट. पा नाही, बा नाही. लेक दचकून म्हणाली, "आई, आजोबा बघ काय म्हणाले!" आणि मी, जिने या शब्दासाठी तिला काल दटावलं असतं, ती टाळ्या वाजवत ओरडत होते, "पुन्हा म्हणा आबा, पुन्हा!"

"आयला," आबा म्हणाले, आणि स्वतःच हबकून आत्याकडे बघत राहिले.

आत्याने त्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. रडता रडता म्हणाली, "इतकं दिस कुटं व्हतास रं, दादा?"