दुकानदार माकडाची गोष्ट

नातीने नवं पुस्तक उघडलं, कोऱ्या कागदाचा वास आला आणि मला वाशीतलं ते छोटं वाचनालय आठवलं. वाशी तेव्हा नुकती वसत होती. माझे यजमान अपघातात गेले आणि तेव्हापासून माझी आठ वर्षांची लेक सुधा एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर झाले, नवस झाले.

"बाई, हिला बोलतं करेल असं काहीतरी द्या हो," मी रडतच म्हणाले.

वाचनालयाच्या बाईंनी दुकान मांडणाऱ्या माकडाची गोष्ट काढली. "बोधाचं काही नको. हे मोठ्यानं वाचा, मजेत."

मजेत! घरात माझाही आवाज बंद झाला होता, हे मला आज कळतं. तिथेच बाकावर बसून मी वाचू लागले. माकडाने दुकानातली सगळी केळी स्वतःच खाल्ली, तिथवर वाचून मी पान उलटू लागले.

सुधाने माझा पदर ओढला.

"आई, मग गिऱ्हाइकाला काय दिलं?"