ओटी भरायला पायरीवर उतरू नका

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर आज पाककृती नाही. सकाळचा प्रसंग लिहिते.

दवंडी झाली, "धरणाचं पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी सावध राहावं." नदीला नवं पाणी आलं की ओटी भरायची आपली रीत. शेजारच्या शांताकाकू गरोदर सुनेला घेऊन थेट घाटाच्या खालच्या पायरीवर गेल्या.

मी वरून हाक मारली, "काकू, वर या."

"पानी अजून पायरीखाली हाय, बाई. पायरीला लागलं की निघू."

"तेव्हा ही पोरगी भरभर चढेल कशी?"

"मडमांच्या शाळेत शिकलात तुमी. तुमाला न्हाई कळायचं."

मी खाली उतरले आणि सुनेचा दंड धरून तिला वर आणलं. काकू मला शिव्या घालत मागे आल्या. वर पोचून वळून पाहिलं, तर ती पायरी पाण्याखाली होती आणि ओटीचा नारळ भोवऱ्यात फिरत होता.

समोरचं पाणी पाहून धोका ठरवायचा नसतो, तो वरून निघालेल्या पाण्याचा असतो. ते किती, केव्हा येणार, कुठवर चढणार, हे दवंडीत का सांगत नाहीत? नुसतं "सावध" राहून कोणी किती पायऱ्या चढायच्या?

आणि ओटी घाटावरच्या देवळाच्या कठड्यावरून सोडली, तर नदी ती परत करणार आहे का?