पद्मिनीचा हँडब्रेक

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — आता छातीत मावत नाही म्हणून.

डहाणूच्या आमच्या अंगणात तेव्हा दोन गाड्या होत्या. बाबांची जुनी पद्मिनी आणि माझी एट हंड्रेड. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या लेखी माझी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. मी म्हणायचे, तुमच्या रणगाड्याला पैलवान लागतो! तिचा गिअर स्टिअरिंगलाच. हँडब्रेक डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा, ओढायचा. माझ्या गाडीत तो दोन सीटांच्या मध्ये. एवढाच फरक — एवढाच हो!

दसऱ्याला आम्ही पद्मिनीतून वेवजीला आत्याकडे गेलो. बाबांनी गाडी चढावर लावली, किल्ली आतच ठेवली आणि ते घरात गेले. आत्या खाली फाटकाशी, गाडीकडे पाठ करून, गाडीसाठीच झेंडूचा हार ओवत होती. ऊन होतं. मला वाटलं, गाडी जरा वर, सावलीत घेऊ. घेतली. कुणाचं लक्ष नव्हतं. उतरताना हात सवयीने सीटांच्या मध्ये गेला. तिथे काही नव्हतं — मग मी वाकले का नाही? आतून कुणीतरी चहाला हाक मारली, आणि मी गेले.

गाडी गडगडत खाली गेली. आत्याचा पाय मांडीत मोडला.

सगळे धावले. बाबा पांढरेफटक. "मी ओढला होता गं... ओढला होता ना मी?" मलाच विचारलं त्यांनी. आणि मग — मग मी म्हटलं, "वय झालं, बाबा. विसरला असाल."

हे मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं. मेली जीभ तेव्हाच झडली कशी नाही?

बाबांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. पद्मिनी वापीला भंगारात गेली. आता दर भाऊबीजेला मीच त्यांना माझ्या डब्यातून वेवजीला नेते. ओवाळून झालं की म्हातारे बाबा जमिनीवर बसतात आणि धाकट्या बहिणीच्या त्या पायाला तेल चोळतात. "दादा, पुरे रे," आत्या म्हणते, "होते चूक माणसाकडून." मी दारात उभी. ओरडावंसं वाटतं — ओरडत नाही.

परवाही तेच. घरी येऊन अंगणात गाडी थांबवली, तर बाबा उतरेनात. वाकून सीटांच्या मध्ये बघत होते.

"ब्रेक नीट ओढलास ना, पोरी? मी विसरलो होतो."

"ओढला, बाबा," मी म्हटलं.